बाळाला वाचवणारी आईची रक्ततपासणी

लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांविषयी घरात बोलायला सगळेच संकोचतात. पण सिफिलिस, म्हणजेच गरमी, पोटातल्या निष्पाप बाळालाही सोडत नाही. गर्भवतीवर उपचार झाले नाहीत, तर मूल मृत जन्मू शकते किंवा जन्मतःच रोग घेऊन येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ साली जगभरात सुमारे ६ लाख ६१ हजार बाळांच्या वाट्याला हा रोग आला.

वास्तविक यावर पेनिसिलीन हा स्वस्त इलाज १९४३ पासून ठाऊक आहे. रोग नवा असेल, तर बहुधा एकच इंजेक्शन पुरते. प्रश्न आहे तो वेळेवर रक्त तपासण्याचा.

क्यूबामध्ये गर्भवतीबरोबर तिच्या पतीचेही रक्त तपासले जाते. आईकडून बाळाला होणारा सिफिलिस व एचआयव्हीचा संसर्ग रोखल्याची अधिकृत मान्यता २०१५ साली जगात सर्वप्रथम या देशाला मिळाली. पाठोपाठ २०१६ मध्ये थायलंडने आणि २०१९ मध्ये श्रीलंकेने हे यश मिळवले.

आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत गर्भवतींसाठी ही तपासणी मोफत होते. मात्र पत्नीला रोग निघाला आणि पतीने उपचार टाळले, तर तिला तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात दोघांनीही जायला हवे.