मासळी कोणाच्या वाट्याला?

समुद्रात मासे किती, ते कुठे अंडी घालतात, कुठल्या महिन्यात किनाऱ्याजवळ येतात, याचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे जुना आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था 1947 सालची. पण जाळ्यात आलेल्या मासळीचा भाव कोण ठरवतं, होडीवरचं कर्ज कोणाचं असतं आणि नवी यंत्रं आली की कोण वर जातं, कोण खाली, हे प्रश्न विद्यापीठाच्या दारात फार उशिरा पोचले. ज्या थोड्या लोकांनी ते तिथवर नेले, त्यांत केरळचे जॉन कुरियन यांचं नाव मी सर्वांत आधी घेईन.

त्यांची सुरुवात वर्गात झाली नाही. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ते तिरुअनंतपुरमजवळच्या मरियनाड या मच्छीमार गावात सहकारी संस्थेच्या कामात होते. नलिनी नायकही त्या काळात तिथेच काम करत होत्या. तिथला व्यवहार आपल्या कोकणी माणसाला नवा वाटणार नाही. व्यापारी होडी-जाळ्यासाठी आगाऊ पैसे देतो, त्या बदल्यात मासळी त्यालाच विकायची, तीही तो सांगेल त्या भावाने. कर्ज फिटत नाही, कारण फेडून घेण्यात सावकाराला रस नसतो. त्याला माणूस बांधून हवा असतो. मरियनाडच्या संस्थेने लिलाव स्वतःच्या हातात घेतला. संस्थेचा माणूस वाळूवर उभा राहून लिलाव पुकारणार आणि त्या दिवसाच्या विक्रीतून ठरावीक हिस्सा कर्जाच्या हप्त्यात व बचतीत जाणार. मासळी भरपूर मिळाली तर हप्ता मोठा, होडी रिकामी आली तर हप्ताच नाही. ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम मागणारी बँक समुद्रावर का चालत नाही, हे इतक्या साध्या रचनेतून कळतं. अशाच संस्थांमधून पुढे 1980 साली दक्षिण भारतातील मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुरियन तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये आले. के. एन. राज यांनी उभी केलेली ही संस्था अर्थशास्त्राची, पण दारं उघडी ठेवणारी. 1978 साली मोठ्या भांडवलाच्या मासेमारीतल्या शिरकावावर त्यांचा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. 1985 साली आला नॉर्वेच्या मदतप्रकल्पाचा अभ्यास. माझ्या मते त्यांचं हे सर्वांत मोलाचं काम.

संयुक्त राष्ट्रं, भारत आणि नॉर्वे यांनी 1952 साली करार केला आणि कोल्लमजवळच्या नीण्डकरा, शक्तिकुलंगरा भागात काम सुरू झालं. हेतू चांगला होता: मच्छीमाराचं उत्पन्न वाढावं, लोकांना मासळी मिळावी, गावात पाणी आणि दवाखाना यावा. पण त्याच सुमारास गोठवलेल्या कोळंबीला अमेरिकेत बाजार मिळाला. मग प्रकल्पाचं तोंड कोळंबीकडे वळलं, तळाशी जाळं ओढणारे ट्रॉलर आले आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नव्हता असे पैसेवाले बोटींचे मालक झाले. नॉर्वेची माणसं 1972 साली परतली. केरळची सागरी मासळी 1973 साली सुमारे साडेचार लाख टन होती. 1980 साली ती पावणेतीन लाखांच्या आसपास उतरली. तारली-बांगड्यावर जगणाऱ्या गरीब घरांच्या ताटात ही घट उतरली, आणि हाताने वल्हवणाऱ्यांच्या कमाईतही. निर्यातीचे आकडे मात्र चढे होते. हे दोन्ही एका कागदावर शेजारी मांडणं हे समाजशास्त्रज्ञाचं काम, आणि कुरियन यांनी ते केलं.

ऐंशीच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर उपोषणं, मोर्चे, रास्ता रोको झाले. मुख्य मागणी: पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करा. समित्यांवर समित्या नेमल्या गेल्या. अखेर 1988 साली बंदी आली. गोव्यात तोवर मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध लढा दिला होता. देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांची संघटना 1978 साली बांधली गेली ती त्याच हवेत.

केरळच्या दक्षिण टोकाला पारंपरिक मच्छीमारांनी आणखी एक काम केलं, त्यावर कुरियन यांनी 1995 साली लिहिलं. ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ खरवडून निघाला तेव्हा लोकांनी दगड आणि काँक्रीटचे सांगाडे होड्यांतून नेऊन समुद्रात सोडले, माशांना आसरा व्हावा म्हणून. जागा ठरवायची ती किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून: डोंगराचं टोक, चर्चचा मनोरा. त्या खडकात ट्रॉलरचं जाळं अडकतं, हा दुसरा फायदा. संशोधकाने इथे त्यांना काही शिकवलं नाही, त्यांचं ज्ञान विद्वानांच्या भाषेत नोंदवलं. ही नम्रता मला फार महत्त्वाची वाटते.

हा लढा देशाबाहेरही पोचला. 1984 साली रोममध्ये मच्छीमार आणि त्यांचे समर्थक जमले, 1986 साली तिरुअनंतपुरममध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि 2014 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने लहान मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. मधल्या तीस वर्षांत किती माणसं झिजली! तिरुअनंतपुरममध्ये झालेल्या त्या संस्थेची धुरा वाहणाऱ्या चंद्रिका शर्मा 2014 सालीच मलेशियाच्या बेपत्ता विमानात होत्या. कुरियन स्वतः पुढे कंबोडियात आणि त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये गेले. आचेत समुद्राचे नियम सांभाळणारे पारंपरिक प्रमुख आजही आहेत.

आणि आपण? विजया पुणेकर यांनी 1959 सालीच मुंबईच्या सोनकोळ्यांवर पुस्तक लिहिलं होतं. पाया इतका लवकर घातला गेला, पण त्यावर मजले फार चढले नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक मासेमारीवर निर्बंध आणले. मालवण, रत्नागिरीत त्यावरून आजही माणसं समोरासमोर उभी राहतात, आणि दोन्ही बाजूंना एकाच जातीची, कधी एकाच घरातली. पर्ससीनचं कर्ज कोणी काढून दिलं, खलाशी नेपाळहून का आणावे लागतात, रापणीची वाटणी कशी बदलली, मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीत आता काय येतं, हे सांगणारा माणूस बंदरावर चार-पाच वर्षं राहायला हवा. अशा माणसाला पीएच.डी.ची जागा, शिष्यवृत्ती आणि पुढे नोकरी देणारा विभाग कोकणातल्या विद्यापीठांत उघडला, तर पहिला प्रबंध बंदरावरच्या लिलावापासूनच सुरू करता येईल.