दुःखाचा निचरा आणि अध्यात्म

दुःख कोणाला चुकले आहे? राजाला नाही, रंकाला नाही आणि संतांनाही नाही. दुःखी माणसाला मात्र आपल्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो, 'देवाचे नाव घे, मन शांत होईल.' सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण ज्याचे मन आतून ठसठसते आहे, त्याच्या ओठांवर आलेले नाम अंतःकरणात उतरते काय? मनाची जखम भरून येणे आणि आध्यात्मिक उन्नती यांचा संबंध काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

दुःख गिळणे म्हणजे वैराग्य नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विरक्त माणूस दुःखाकडे डोळे उघडून पाहतो आणि मग पुढे जातो. गिळलेले दुःख मात्र आत तसेच राहते. कधी संतापाच्या, कधी अबोल्याच्या, तर कधी दुखण्याच्या रूपाने बाहेर पडते. आमच्याकडच्या काळ्या रानात पाणी साचले की जमीन चिबडते. अशा जमिनीत कितीही चांगले बी टाकले तरी ते कुजते. आधी चर खणून पाण्याचा निचरा करावा लागतो, मग पेरणी. मनाचेही तसेच आहे. जॉन वेलवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हाच धोका दाखवून दिला. मनातील न मिटलेल्या वेदना टाळण्यासाठी माणूस साधनेचा आडोसा घेतो, असे त्याचे म्हणणे. त्याला आपण 'अध्यात्माची पळवाट' म्हणू या.

आपल्या संतांनी ही पळवाट धरली नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. आपले एकटेपण तिने लपविले नाही. विठ्ठलाला दळू-कांडू लागणारा सोबती मानून ती त्याच्याशी बोलली, रागावली, भांडलीसुद्धा. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पत्नी व मुलगा गेले. त्या दुःखाला त्यांनी अभंगांत वाट दिली. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने दाराशी उभे राहून त्यांची समजूत काढली, अशी कथा आहे. ज्ञानियांच्या राजालाही कोणीतरी दाराशी येऊन बोलावे लागले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्याच मातीतील एक उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गावे झोपली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. घरे उभी राहिली, पण मनांचे काय?

माझ्या आजीचा थोरला मुलगा त्या पहाटे गेला. 'देवाची इच्छा, रडू नको,' असे जो तो सांगे. आजी रडायची थांबली, पण तिने देवापुढे दिवा लावणेही सोडले. पुढे भावकीतल्या एका लग्नात हळद दळायला ढिगाऱ्यातून काढलेले जाते मांडले. आजीने खुंटा धरला आणि ओवीत लेकाचे नाव आले. बायांनी तिला गप्प केले नाही. त्याही रडल्या, कारण प्रत्येकीचे कोणीतरी गेलेच होते. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या देवळीत पुन्हा दिवा लागला. आई हे सांगते तेव्हा आजी एवढेच म्हणते, "मी देवाशी भांडून घेतलं, मग बोलणं सुरू झालं."

यावरून तीन गोष्टी दिसतात. दुःखाला शब्द मिळाले पाहिजेत. ते ऐकणारे, उपदेश न करणारे माणूस पाहिजे. आणि आपले दुःख एकट्याचे नाही, याची जाणीव झाली पाहिजे. या तिसऱ्या पायरीवरच अध्यात्म सुरू होते, कारण तेथे 'माझे' संपून 'आपले' येते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. उपासमार भोगलेल्या माणसालाच ऋणकोचे हाल कळले.

एक सावधगिरी मात्र हवी. झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे हा भक्तीचा कमीपणा नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर हवा. २०२२पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारने त्यासाठी चालू ठेवला आहे. मराठवाड्यात कर्जापायी बाप गमावलेली मुले आपल्याच वर्गांत शेजारच्या बाकावर बसतात. त्यांना 'धीर धर' म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी ताटीपाशी थोडा वेळ उभे राहून 'बोल, मी ऐकतो' एवढे आपल्याला म्हणता आले, तर नामस्मरणाइतकेच पुण्य त्यातही आहे, असे मला वाटते.

(बी. ए. द्वितीय वर्ष)