व्हिलावुडचे घराणे

रॉक संगीताचे नाव निघाले की आमच्या गायनवर्गाला येणाऱ्या मुलांचे आजोबा कानांत बोटे घालतात. त्यातून ते रॉक ऑस्ट्रेलियाचे म्हटले, तर "त्या देशाचा आणि गाण्याचा संबंध काय? तिथे मेंढ्या आणि क्रिकेट!" असा शेरा हमखास ऐकू येतो. त्यांना दोष कसा द्यावा? ज्या बडोद्यात फैयाजखाँसाहेबांचा आवाज घुमला, त्या बडोद्याचे कान इतके सहज कशाला वितळतील? तरीही गेली पंचवीसएक वर्षे मी ह्या गाण्यांचा शौकीन आहे. दरबारी साथीदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला विजेच्या गिटारींचा हा कल्लोळ का रुचावा, असे स्नेही विचारतात. त्यांना मी म्हणतो, ह्या गाण्यांनाही घराणे आहे. आणि आपल्याकडच्या पुष्कळ घराण्यांप्रमाणे तेही परक्या मुलखात आलेल्या माणसांनीच उभे केले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. ब्रिटनमधल्या प्रौढ माणसाला अवघ्या १० पौंडांत जहाजाने तिकडे जाता येई, मुलांना भाडेच नव्हते. लाखो कुटुंबे ह्या सवलतीने गेली. सिडनीच्या पश्चिमेला व्हिलावुड नावाचे उपनगर आहे. तिथे पन्हाळी पत्र्याच्या, अर्धगोल छपराच्या बराकींत ह्या नव्या आलेल्यांना उतरवीत. उन्हाळ्यात पत्रे तापत, मुलांना करमत नसे. १९६३ साली ग्लासगोहून यंग नावाचे एक मोठे कुटुंब तिथे येऊन थडकले. त्यातला जॉर्ज सोळा वर्षांचा, माल्कम दहाचा आणि अँगस आठ वर्षांचा. त्याच बराकींत जॉर्जला हॅरी व्हांडा हा डच मुलगा भेटला. एकाची इंग्रजी ग्लासगोची, दुसऱ्याची मोडकीतोडकी. पण गिटार दोघांनाही येत होती. आणखी एक डच आणि दोन इंग्रज पोरे त्यांना मिळाली आणि १९६४ मध्ये 'द ईझीबीट्स' हा संच जन्माला आला. ज्याला ऑस्ट्रेलियाचा पहिला जगन्मान्य रॉक संच म्हणतात, त्यातल्या पाचांपैकी एकाचाही जन्म ऑस्ट्रेलियात झालेला नाही, ही मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांचे 'फ्रायडे ऑन माय माइंड' हे गाणे १९६६ चे. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले. एक कामगार सोमवारपासून दिवस मोजतो आहे. धन्याची चाकरी त्याला जड झाली आहे आणि शुक्रवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे नाचते आहे. एवढाच विषय. पण बांधणी पाहावी. आरंभीची गिटार टकटक करीत धावते, जणू भिंतीवरचे घड्याळच. बाखचे संगीत निरर्थक अक्षरांनी, आपल्या तराण्यासारखे, गाणारा 'स्विंगल सिंगर्स' नावाचा एक गायकवृंद होता. त्यांच्या गाण्यावरून ही कल्पना सुचली असे म्हणतात. मायनरच्या उदास छायेत आठवडा सरकतो आणि शुक्रवार उगवताच गाणे मेजरच्या उजेडात येते. अस्ताई झाकोळलेली ठेवून अंतऱ्याला दार उघडावे, ही युक्ती आपल्या नाट्यपदे रचणाऱ्यांनाही चांगली ठाऊक होती. २००१ साली तिथल्या संगीतकारांच्या हक्कसंस्थेने पाऊणशे वर्षांतली सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन गाणी निवडली, तेव्हा पहिला मान ह्याच गाण्याला मिळाला.

१९६९ मध्ये संच मोडला. कर्जे फेडीत जॉर्ज आणि हॅरी काही वर्षे लंडनमध्ये राहिले आणि १९७३ मध्ये सिडनीला परतले. इथून पुढे त्यांनी जे केले त्याला मी घराणे म्हणतो. स्वतः रंगमंच सोडून ते काचेपलीकडे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसले आणि इतरांना घडवू लागले. इतरांत पहिले कोण? घरचेच धाकटे दोघे. माल्कम आणि अँगस यांनी १९७३ च्या अखेरीस 'एसी-डीसी' हा संच काढला. १९७८ पर्यंतच्या त्यांच्या तबकड्या थोरल्या भावाने आणि हॅरीने मिळून घडविल्या. १९७७ च्या एका ध्वनिमुद्रणाची गोष्ट प्रसिद्ध आहे. अँगस वाजवीत असताना त्याच्या ध्वनिवर्धकातून धूर निघू लागला. त्याने काचेकडे पाहिले. आत जॉर्ज हातवारे करून सांगत होता : थांबू नकोस! ध्वनिवर्धक जळाला, पण आवर्तन पुरे झाले. तंबोऱ्याची तार तुटली तरी शिष्याला न थांबू देणारे गुरुजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आपल्या घराण्यांना राजाश्रय होता. ह्यांना कोणाचा? तर दारूच्या गुत्त्यांचा! हे हसून सोडून देण्यासारखे नाही. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या बऱ्याच प्रांतांत गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करण्याचा कायदा होता. कामावरून सुटलेले लोक तासाभरात जमेल तेवढे ढोसून घरी जात. सिडनीकडे हा नियम १९५५ मध्ये, मेलबर्नकडे १९६६ मध्ये आणि ॲडलेडकडे १९६७ मध्ये उठला. उपनगरांतले ते अवाढव्य गुत्ते रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले, मग गिऱ्हाईक टिकवायला गाणे हवे झाले. तिथला श्रोता दिवसभर कारखान्यात राबलेला, हातात पेला, तोंडात शिवी. वाजवणाऱ्याचा हात जरा ढिला पडला की पेलाच अंगावर यायचा. अशा दरबारात आलापी चालत नाही. पहिल्या ठोक्याला समेवर यावे लागते आणि ती सम शेवटच्या भिंतीला टेकलेल्या माणसाच्या छातीत वाजावी लागते. ह्या गाण्यांचा आवाज मोठा का, लय इतकी बांधलेली का, ह्याचे उत्तर त्या गुत्त्यांत आहे.

आता माल्कमविषयी. जगाला अँगस ठाऊक आहे; शाळकरी मुलाचा गणवेश घालून उड्या मारणारा, गिटारीवर फिरत घेणारा. माल्कम मागे, ढोलांच्या शेजारी उभा असे. गायकाला साथ द्यायची तेवढ्यापुरता पुढे येई आणि ओळ संपली की पुन्हा मागे. पण संच त्याचा, लय त्याची. तो आणि ढोलवादक फिल रड मिळून जो ठेका धरीत, त्यात मला सर्वांत आवडतात त्या मोकळ्या जागा. 'बॅक इन ब्लॅक' ऐकावे. एक ठोका, मग शांतता. पुन्हा तीन, पुन्हा शांतता. वर्गातल्या एका मुलाने हे गाणे लावून मला आव्हान दिले, "सर, ह्याला केरवा म्हणायचा का?" मी त्याला म्हटले, नाव काहीही ठेव, आधी हातावर आठ मात्रा धर आणि गिटार जिथे गप्प आहे तिथेही तुझा हात चालू ठेव. पोराला चार दिवस लागले. खालीचा अर्थ त्याला त्या चार दिवसांत जेवढा कळला, तेवढा माझ्या वर्षभराच्या व्याख्यानांनी कळला नव्हता.

आमचे वडील संस्थान विलीन होण्याआधीची थोडी वर्षे, अगदी कोवळ्या वयात, दरबारात तबल्याच्या साथीला बसत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते म्हणत, "साथीदार चुकला तरच लोक मान वळवून त्याच्याकडे बघतात." माल्कम यंगकडे कोणी मान वळवून पाहिले नाही, ह्यातच त्याची थोरवी आली.

ह्या संचातले माझे सर्वांत लाडके गाणे मात्र १९७५ चे; शिखरापर्यंतची वाट फार लांबची आहे, असे सांगणारे. गायक बॉन स्कॉट. तोही स्कॉटलंडात जन्मलेला आणि १९५२ साली आईबापांबरोबर आलेला. रस्त्यावरची लुबाडणूक, मारामाऱ्या, बुडालेले पैसे, असे सारे भटक्या गवयांचे भोग ह्या गाण्यात आहेत आणि मध्येच चक्क बॅगपाइप्स वाजू लागतात. कल्पना थोरल्या जॉर्जची. बॉन हा पाइप्सच्या बँडात होता असे त्याला माहीत होते. पण बॉन तिथे ढोल वाजवीत असे! बिचाऱ्याने वाद्य हाती घेतले आणि जमेल तसे सूर काढले. त्याचे तुकडे जोडून गाण्यात बसविले गेले. आपल्याकडे लष्करी बँडांत आणि गढवालच्या लग्नांत हे वाद्य आहेच. त्याचा षड्ज अखंड घुमत राहतो, तंबोऱ्यासारखा. आणि सप्तकात निषाद कोमल, म्हणजे आपल्या खमाजाच्या शेजारचे. त्या घुमणाऱ्या षड्जावर गिटार आणि पाइप्स यांचे सवालजवाब चालतात. १९७६ च्या फेब्रुवारीत मेलबर्नच्या स्वॉन्स्टन रस्त्यावरून उघड्या मालमोटारीवर उभे राहून त्यांनी हे गाणे केले, त्याची फीत आजही पाहता येते. बाजूने जाणाऱ्या लोकांचे चेहरे त्यात फार बघण्यासारखे आहेत. पुढे १९८० मध्ये लंडनला बॉनचा अकाली अंत झाला आणि त्याच वर्षी, नव्या गायकाला घेऊन, 'बॅक इन ब्लॅक' ही तबकडी निघाली. तिचे मुखपृष्ठ काळे आहे, ते सुतकाचे.

घराण्याबाहेरचेही पुष्कळ आहे. ॲडलेडच्या 'कोल्ड चिझल' संचाचा गायक जिमी बार्न्स हाही ग्लासगोचाच. त्याने गायिलेले 'खे सान' व्हिएटनामच्या युद्धातून परतलेल्या आणि कुठेच न रमणाऱ्या शिपायाचे आहे. १९७८ मध्ये त्यातल्या काही उल्लेखांमुळे खाजगी रेडिओकेंद्रांनी ते दूर ठेवले. आज हजारो लोक ते तोंडपाठ म्हणतात. रेडिओवाल्यांच्या शुचितेविषयी आपल्यालाही थोडेफार ठाऊक आहे. एके काळी आकाशवाणीने पेटी बंद ठेवली होतीच की! असो.

'मेन ॲट वर्क' संचाच्या 'डाउन अंडर' ची हकीकत मात्र मनाला लागते. हे १९८१ चे गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात ग्रेग हॅम बासरीवर एक छोटी सुरावट वाजवतो. ती कुकाबरा पक्ष्यावरच्या एका बालगीताची होती, जे मॅरियन सिंक्लेअर नावाच्या शिक्षिकेने १९३२ मध्ये रचले होते. जवळजवळ तीस वर्षे कोणी काही बोलले नाही. मग हक्क विकत घेतलेल्या कंपनीने दावा लावला आणि २०१० मध्ये न्यायालयाने नक्कल झाली असे ठरवून २००२ पासूनच्या उत्पन्नातले ५ टक्के देवविले. रक्कम मोठी नव्हती. पण आता आपली आठवण नकलाकार म्हणूनच राहणार, ह्याचे हॅमला फार दुःख झाले. ते त्याने बोलूनही दाखविले. २०१२ मध्ये तो वारला. आपल्याकडेही चिजा कुलुपात ठेवणारे आणि भिंतीआडून त्या चोरून ऐकणारे होऊन गेले; पण शाळेतल्या पोरांच्या तोंडी रुळलेली दोन मापे कोणा एकाची मिळकत ठरावी, हे माझ्या मनाला पटत नाही. वाचकांतल्या वकीलमंडळींना पटत असेल.

आणि मिळकत म्हटली की 'मिडनाइट ऑइल' चे 'बेड्स आर बर्निंग' आलेच. १९८६ मध्ये हा संच वारुम्पी बँडबरोबर मधल्या वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांत हिंडला. वारुम्पी बँड म्हणजे १९८३ मध्ये लुरिचा भाषेत रॉक गाणे मुद्रित करणारा संच. देशी भाषेतले ते पहिलेच. त्या दौऱ्यानंतर, १९८७ मध्ये, हे गाणे आले. वाळवंटातून हलवून दूरच्या वसाहतीत ठेवलेले आणि १९८१ च्या सुमारास आपल्या भूमीकडे परतलेले पिंटुपी लोक, हा त्याचा विषय. आणि मागणी सरळ : ज्यांची जमीन त्यांना परत द्या. दहा पौंडांत आलेल्यांच्या देशात हे गाणे निघावे आणि साऱ्या देशाने त्यावर पाय धरावा, ह्याला धारिष्ट लागते. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या सांगता-सोहळ्यात, क्षमा मागायला तयार नसलेल्या पंतप्रधानांच्या समोर, 'सॉरी' असे छापलेले काळे कपडे घालून त्यांनी ते वाजविले. सरकारने क्षमा मागितली ती २००८ मध्ये, दुसऱ्या पंतप्रधानांच्या तोंडून. तोवर ह्या संचाचा गायक पीटर गॅरेट मंत्रिमंडळात बसला होता.

आपण बडोदेकर मराठी माणसेही कधी काळी दक्षिणेतून येऊन इथे रुजलो. म्हणून कदाचित व्हिलावुडचे मला जास्त वाटते. त्या जागी १९७६ पासून परवान्यावाचून आलेल्या परदेशीयांना अटकेत ठेवण्याचे केंद्र आहे. आजही तारांच्या आत माणसे आहेत. त्यातही कोणाच्या तरी बोटांत लय असेलच.

माल्कमला पुढे विस्मृतीच्या आजाराने गाठले. २००८ ते २०१० च्या दौऱ्यातच त्याची लक्षणे दिसू लागली होती. स्वतः रचलेली गाणी त्याला पुन्हा घोकून बसवावी लागत. ज्या हातांनी जगाला ठेका दिला ते हात रोज नव्याने शिकत होते, आणि रात्री रंगमंचावर उभे राहून चोख वाजवीत होते. २०१४ मध्ये तो थांबला. त्याच्या जागी आला पुतण्या स्टीव्ही यंग. २०१७ च्या ऑक्टोबरात थोरला जॉर्ज गेला. चार आठवड्यांच्या आत, नोव्हेंबरात, चौसष्टाव्या वर्षी माल्कम गेला.

कोणाला ऐकून पाहण्याची इच्छा झालीच, तर आवाज बेताचा ठेवून कानाला लावायची यंत्रे घ्यावीत आणि 'बॅक इन ब्लॅक' लावावे. उजवीकडे अँगस आहे, डावीकडे माल्कम. एकदा उजवे यंत्र काढून ठेवून नुसत्या डाव्या कानाने ऐकावे.