लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत. ‘४३बी(एच)’ नियम नेमका काय?

इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो वा भोसरीचा सुटे भाग बनवणारा कारखानदार, दुखणे एकच : माल गेला, बिल अडकले. पगार, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

जुना कायदा काय सांगतो?
२००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

मग अडले कुठे?
व्याज मागायचे तर तक्रार करावी लागते. तक्रार केली, की पुढची ऑर्डर जाण्याची भीती.

काय बदलले?
२०२३च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात ‘४३बी(एच)’ आणले. मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्याचा कर वाढतो. म्हणजेच तक्रारीविना दबाव येतो.

लाभ कोणाला?
‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म, लघु उत्पादक आणि सेवा उद्योगांना. मध्यम उद्योग आणि व्यापारी यात नाहीत. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणे महत्त्वाचे.