पाहुणे आले की काय दाखवायचे? पांढुर्णा-सौंसर भागासाठी थोडी पूर्वतयारी

दिवाळी झाली की आपल्याकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली मुले मित्रांना घेऊन येतात, सुनेच्या माहेरची मंडळी येतात, कुणाचे जुने सहकारी नागपूरपर्यंत आलेले असतात ते पुढे आपल्याकडे डोकावतात. आणि दरवेळी आपल्याच तोंडून एक वाक्य निघते, "इथं काय हाय बाप्पा पाहाले? चला, नागपूरले जाऊ."

मग पाहुणे दोन दिवस राहून नागपूरचा बाजार बघून परत जातात. आपला भाग त्यांना गाडीच्या काचेतून दिसतो तेवढाच. मंडळाच्या बैठकीत हा विषय बऱ्याचदा निघाला, म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत. घरातल्या तरुण मुलांनीही ती वाचावी. पाहुणे प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.

पहिला प्रश्न : "तुम्ही मध्य प्रदेशात कधी आलात?"

हा प्रश्न हमखास येतो. भोपाळ-इंदूरचे मराठी लोक जसे शिंदे-होळकरांबरोबर किंवा नोकरीनिमित्त तिकडे गेले, तसेच आपणही कुठून तरी आलो असणार, असे पाहुण्यांना वाटते. आपल्यापैकी बहुतेक शेतकरी घरांचे उत्तर साधे आहे. आम्ही कुठून आलो नाही. आम्ही होतो तिथेच आहोत, हद्द मात्र बदलली.

ही जमीन आधी देवगडच्या गोंड राजांची होती, पुढे नागपूरकर भोसल्यांची झाली. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला, त्याची राजधानी नागपूर. छिंदवाडा जिल्ह्यातली सौंसर तहसील या प्रांतात होती आणि पांढुर्णा याच तहसिलीत मोडत असे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांसाठी जिल्ह्याची कचेरी छिंदवाड्याला, पण राजधानी, बाजारपेठ आणि सोयरीक नागपूरकडे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. राज्ये आखताना साधारणपणे जिल्हा हा एकक धरला होता. छिंदवाडा जिल्ह्याचा मोठा भाग हिंदी आणि गोंडी बोलणारा, म्हणून अख्खा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात गेला आणि त्याबरोबर आपली मराठी तहसीलही गेली. राजधानी भोपाळ झाली, सरकारी कागद हिंदीत आले, पुढे शाळाही बहुतांशी हिंदीच्या झाल्या. सोयरीक, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता मात्र अजूनही नागपूर-काटोल-नरखेडकडेच आहे.

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुनी सौंसर तहसील आता या जिल्ह्यात आहे. एवढे चार परिच्छेद पाहुण्यांना चहासोबत सांगितले की पुढचे सगळे त्यांना वेगळ्या नजरेने दिसते.

कधी बोलवावे

आपली खरी ओळख संत्र्याच्या बगीच्यात आहे, म्हणून संत्र्याचा हंगाम पाहून बोलवावे. आंबिया बहाराची फुले थंडी सरताना येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मिळते. बाहेरच्या माणसाला वाटते की झाड आपोआप फळते. त्याला "ताण" समजावून सांगा. फुले यावीत म्हणून झाडाचे पाणी मुद्दाम तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी सोडायचे. मृग बहारासाठी हा ताण ऐन उन्हाळ्यात बसतो आणि शेतकरी आकाशाकडे बघत बसतो. जंबेरीच्या खुंटावर बांधलेले कलम दाखवा, डिंक्या लागलेले झाडही दाखवा. विहिरी आणि बोअर किती खोल गेल्या तेही लपवू नका. बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला विकला जातो आणि भाव पडला की फळ रस्त्याकडेला टाकावे लागते, हे ऐकल्यावर शहरातला माणूस पुढच्या वेळी संत्री घेताना घासाघीस करताना थांबतो.

मे महिन्यात मात्र कुणाला आग्रह करू नये. पावसाळ्यात घाट सुंदर असतात.

एक दिवस सौंसर बाजूला

नागपूरहून सौंसर साठ-पासष्ट किलोमीटर. पूर्वी इथून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी जायची. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि त्या जागी ब्रॉडगेज आली. वडीलधाऱ्यांकडे त्या गाडीच्या गोष्टी भरपूर आहेत, त्या सांगायला लावा.

सकाळी जामसावळीला जावे. पिंपळाखाली निजलेल्या अवस्थेतली हनुमंताची मूर्ती बहुतेक पाहुण्यांनी पूर्वी पाहिलेली नसते. मंगळवार-शनिवारी फार गर्दी असते. म्हातारी माणसे सोबत असतील तर इतर वार धरावा. तिथून मोहगाव हवेलीचे अर्धनारीश्वराचे देऊळ करता येते. लोधीखेडा हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. घरी आजीच्या हंड्या-घागरी असतील तर त्या आधी दाखवा, मग गावाचे नाव सांगा. बोरगावचा औद्योगिक परिसर वाटेवर आहे, तिथे आपल्या भागातल्या अनेक घरांची रोजीरोटी आहे.

वेळ असेल तर रामाकोन्याहून कन्हान ओलांडून सिल्लेवानी घाटाने वर जावे आणि मोहखेड भागातला देवगडचा किल्ला पाहावा. नागपूरचे पाहुणे असतील तर हे टाळूच नका. ज्या बख्त बुलंद शाहाने नागपूर शहर वसवले तो याच देवगडचा गोंड राजा. नागपूरकरांना आपण नेहमी त्यांचे शहर बघायला जातो. त्या शहराचे मूळ आपल्या बाजूच्या डोंगरात आहे, हे त्यांना एकदा दाखवायला हरकत नाही.

दुसरा दिवस पांढुर्णा बाजूला

पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांना सोपे. नागपूरहून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. बाजार, जिनिंगचा परिसर, कापसाच्या गाड्या हे हिवाळ्यात बघण्यासारखे असते. पुढे मुलताई, जिथे तापीचा उगम आहे. जळगाव-भुसावळचे पाहुणे असतील तर आपल्या नदीचे पहिले पाणी पाहून ते हमखास हात जोडतात.

संध्याकाळी जाम नदीच्या काठी आणि चंडीमातेच्या देवळात जावे. इथे गोटमारीचा विषय निघणारच.

गोटमारीबद्दल काय सांगावे

पांढुर्ण्याचे नाव बाहेर बहुतेकांनी याच एका गोष्टीमुळे ऐकलेले असते, तेही मोबाइलवर. म्हणून आपण नीट सांगायला हवे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झाडापर्यंत कुणी पोचू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दगड चालतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा दोन्ही गावांचे दगड सुटले आणि दोघे नदीतच गेले, अशी कथा सांगतात. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते आणि विदर्भभर तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, हेही सोबत सांगावे.

आणि हेही सांगावे की दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, डोळे गेले आहेत, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते मानले नाही. गोटमार थांबावी असे म्हणणारे आपल्यात आहेत आणि ती देवीची परंपरा आहे असे म्हणणारेही आहेत, कधी कधी एकाच घरात. पाहुण्यांसमोर हा मतभेद झाकायचे कारण नाही. दोन्ही काठांवर एकमेकांच्या लेकी दिलेल्या आहेत, वर्षाचे इतर सर्व दिवस हे एकच गाव असते, हेही तितकेच खरे आहे.

आमची विनंती एवढीच आहे : केवळ गोटमार "बघायला" म्हणून कुणाला बोलावू नये. त्या दिवशी पाहुणे घरी असलेच तर लहान मुलांना काठावर नेऊ नये, आणि रक्त वाहत असलेल्या माणसाचे चित्रण करून पुढे पाठवू नये. तो कुणाचा तरी मुलगा असतो, बहुधा आपल्याच ओळखीतल्या घरातला. नदी आणि देऊळ दाखवायला शांत दिवस पुरेसा आहे.

ताटात काय असावे

पाहुणे आले म्हणून पनीर करू नका, ते त्यांना कुठेही मिळते. सकाळी तर्री-पोहे, दुपारी गोळाभात आणि अंबाडीची भाजी, थंडीत भरीत-भाकर आणि सांबारवडी. शेतात जाणार असाल तर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. तिखट बेताने ठेवावे, सगळ्यांना आपले झेपत नाही.

आपली बोली, आपली मुले

"येऊन राहिलो", "काहून", "पोट्टे" हे शब्द ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात आणि म्हणतात, हिंदीमुळे तुमची मराठी बिघडली. त्यांना सांगावे की ही बोली नागपूर, वर्धा, अमरावतीकडेही अशीच चालते. मराठीतला जुना गद्यग्रंथ लीळाचरित्र वऱ्हाडातल्या रिद्धपूरला तयार झाला. ती भाषा आपल्यापासून फार लांबची नाही.

खरी काळजी वेगळी आहे. पाहुण्यांची मुले आणि आपली मुले अंगणात खेळायला लागली की पाच मिनिटांत हिंदीवर जातात. आपली मुले मराठी समजतात, बोलतातही, पण वाचताना अडखळतात, कारण शाळेत ती विषय म्हणूनही बऱ्याच जणांना मिळत नाही. लिपी एकच आहे, म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे. म्हणून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच मोकळेपणाने सांगावे की मिठाईचा पुडा आणू नका, मुलांसाठी दोन मराठी गोष्टींची पुस्तके आणा. आणि फिरायला निघताना गाडीत एक जागा आजी-आजोबांसाठी ठेवावी. वाटेतल्या गावांची नावे, कुणाची शेती कुठे होती, कोणती आत्या नदीपलीकडे दिली होती, हे त्यांच्या तोंडून मराठीत निघते आणि मागच्या सीटवर बसलेली दोन्हीकडची मुले ते ऐकतात.