मोटारींतील वाफेच्या झडपेची परीक्षा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांच्या मोटारीनें एक विचित्र खोड धरली. पेट्रोल भरून झालें कीं ती लवकर सुरूच होईना, आणि पेट्रोलच्या वासानें मागें बसलेल्या नातीस मळमळूं लागे. मिस्त्रीनें पेट्रोलचा पंप बदलण्याचें मोठें अंदाजपत्रक दिलें. तें मान्य करण्यापूर्वीं एक झडप तपासून पाहावी, असें आमच्या मनानें घेतलें.

टांकींत पेट्रोलची वाफ सांचते. पूर्वीं ती हवेंत सोडून देत असत. तिच्यामुळें शहरांवर धूसर धुकें पसरतें हें ध्यानांत आल्यावर कॅलिफोर्निया संस्थानानें १९७० च्या मोटारींपासून ती कोंडून धरणें सक्तीचें केलें, आणि पुढील वर्षाच्या मोटारींपासून अमेरिकेंत सर्वत्र तोच नियम झाला. आपल्याकडील आजच्या पेट्रोल-मोटारींतहि हीच योजना असते. वाफ सच्छिद्र कोळशाच्या डब्यांत मुरते; इंजिन ऊन झालें म्हणजे झडपेस वीज मिळून ती उघडते, व वाफ इंजिनांत ओढली जाऊन जळते. वीज नसतांना झडप घट्ट मिटलेली पाहिजे. नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तीच ही परीक्षा होय.

इंजिन निवल्यावर, उघड्या हवेंत, विस्तव दूर ठेवून आम्हीं झडप सोडविली. कित्येक मिस्त्री तोंडानेंच फुंकतात, पण ती वाफ पोटांत जाणें बरें नव्हे. आम्हीं रबरी फुगा लावला. वीज नसतांहि हवा सरळ पलीकडे गेली! मग बारा व्होल्टांच्या तारा टेकविल्या. 'टक्' असा आवाज झाला, हवेंत मात्र फरक पडला नाहीं. म्हणजे आंतील तारेचें वेटोळें शाबूत होतें, पण झडपेचें तोंड मिटत नव्हतें. पेट्रोल भरतांना डब्याकडे लोटलेली वाफ त्यांतूनच इंजिनांत शिरे व तें गुदमरे.

झडप उलटी करून ठोकली, तों कोळशाची काळी भुकटी पडली. पंपाची नळी आपोआप थांबल्यावरहि पेट्रोल कोंबीत राहिलें, तर तें द्रवरूपानेंच डब्यांत जाऊन कोळसा नासवितें. आतां सांगावयास संकोच वाटतो, परंतु रक्कम पुरती होईपर्यंत भरा, असा आग्रह दर खेपेस आमचाच असे.

झडपेबरोबर डबाहि बदलावा लागला. पंप तोच आहे. हल्लीं नळी थांबली म्हणजे चिरंजीव एकवार आमच्याकडे पाहतात, व आम्ही खिडकीबाहेर पाहतों.