गर्श्विनचा डावा हात

ऑगस्ट १९३१मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं हॅमरस्टीन थिएटर ‘मॅनहॅटन थिएटर’ या नव्या नावानं उघडलं. त्या निमित्तानं अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन तिथे पियानोवर बसला आणि त्यानं आपलं ‘आय गॉट रिदम’ हे गाणं वाजवलं. आवाजासह चित्रित झालेला तो तुकडा आजही पाहायला मिळतो. गर्श्विन वाजवताना दिसतो आणि ऐकूही येतो, असं चित्रण अगदी मोजकं आहे. ‘स्ट्राइक अप द बँड’च्या तालमीचं चित्रण त्यातलंच. आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी त्यानं केलेले शंभराहून अधिक पियानो रोल आहेत, पण रोलच्या कागदावर मागाहून भोकं पाडून जादा स्वर भरता येत. त्याच्याच ‘रॅप्सडी इन ब्लू’ या रचनेच्या १९२५च्या रोलमध्ये तर पियानोबरोबर वाद्यवृंदाचा भागही त्यानंच वाजवला आहे. कॅमेऱ्यासमोर मात्र दोनच हात होते.

हे हात आपल्या कल्पनेतल्या गर्श्विनचे वाटत नाहीत. व्हायोलिनच्या लाटांवर तरंगणारी ‘रॅप्सडी’ ऐकून त्याच्याविषयी एक मखमली समज झालेला असतो. इथे वाजवणं कोरडं, टोकदार आणि विलक्षण वेगवान आहे. १९३२मध्ये त्यानं आपल्या अठरा गाण्यांची पियानोसाठी नवी रूपं छापली, तेव्हा प्रस्तावनेत वाजवणाऱ्यांना हेच बजावलं होतं: पेडल जपून वापरा, स्वर तोडून वाजवा.

‘आय गॉट रिदम’ मुळात १९३०च्या ‘गर्ल क्रेझी’ या संगीतिकेतलं. तिच्या वाद्यवृंदात बेनी गुडमन आणि जीन क्रुपा हे जॅझवादक होते. चाल मराठी कानाला लगेच कळेल अशी आहे. मंद्र पंचमापासून प ध सा रे असं वर जायचं आणि रे सा ध प असं उतरायचं; भूपातला गंधार तेवढा अजून यायचा आहे. एवढ्या साध्या स्वरांत जान येते ती लयीमुळे. स्वर मात्रेला चुकवून पडत राहतात आणि खाली ठेका जराही ढळत नाही. पुढे जॅझवाल्यांनी चाल सोडली आणि तिच्याखालची स्वरसंगती उचलली. ड्यूक एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’ आणि सॉनी रॉलिन्सचं ‘ओलिओ’ त्याच पायावर उभी आहेत.

त्या चित्रणात मी पुन्हा पुन्हा पाहतो तो डावा हात. खालचा खर्ज घ्यायचा, लगेच झेप घेऊन मधल्या सप्तकात स्वरगुच्छ वाजवायचा, पुन्हा खाली. ही ‘स्ट्राइड’ शैली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय पियानोवादकांची. ज्यांच्याकडून आपण घेतलं, त्यांत गर्श्विननं १९३२च्या त्याच प्रस्तावनेत त्यांच्यातल्या लकी रॉबर्ट्सचं नाव घेतलं आहे. गर्श्विन स्वतः मैफलीत ऐन वेळी सगळं नव्यानं रचणारा जॅझवादक होता, असं मी म्हणणार नाही. पण हाताचं वळण जॅझचंच आहे, आणि ते कागदावरच्या स्वरलिपीतून कळत नाही.

असे तुकडे टिकणं मुळातच अवघड. तेव्हाची नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्स कंपनीचं गोदाम पेटलं आणि तिच्या बहुतेक मूकपटांची राख झाली. त्याच दिवशी हॉलिवूडमध्ये गर्श्विन बेशुद्ध होऊन कोसळला. मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, पण ११ जुलैला तो गेला. वय अवघं अडतीस. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेली आग आठवली, की हा धोका परका वाटत नाही.

शिवाय आगीपर्यंत पोचायलाही आधी चित्रण व्हावं लागतं. स्ट्राइडचा थोर उस्ताद जेम्स पी. जॉन्सन १९२९च्या ‘सेंट लुईस ब्लूज’ या लघुपटात पियानोवर आहे, पण कॅमेऱ्याचं लक्ष गायिका बेसी स्मिथवर आहे. म्हणून गर्श्विनचा तुकडा पाहिल्यावर जॉन्सनची १९२१ची ‘कॅरोलायना शाउट’ ही ध्वनिमुद्रिका लगेच ऐकावी. डाव्या हाताची ती झेप तिथे दहा वर्षं आधी, अधिक मोकळी आणि अधिक खोडकर ऐकू येते.